माया प्लिसेत्स्कायाचे हात

आमच्या लहानपणी रशियातून येणारी गुळगुळीत कागदाची मासिके अनेक घरांत असत आणि त्यांचा सर्वांत मोठा उपयोग शाळेच्या वह्यांना कव्हरे घालण्यासाठी होई. ट्रॅक्टर, धरणे, अंतराळवीर आणि मधूनच पांढऱ्या पिसांच्या पोशाखातली, एका पायाच्या अंगठ्यावर तोललेली एखादी नर्तकी, असा तो ऐवज असे. माझ्या भूगोलाच्या वहीवर वर्षभर अशीच एक नर्तकी होती. ती कोण होती हे आता कळायला मार्ग नाही. परंतु पुष्कळ वर्षांनी रशियन बॅले नर्तकी माया प्लिसेत्स्काया हिच्या जुन्या चित्रफिती पाहताना मला प्रथम ती वहीच आठवली, आणि त्या चित्रातले पाय तेवढे आपण पाहिले, हातांकडे कधी नजरच गेली नाही, हे लक्षात आले.

मायाविषयी (हे नाव इतके आपले वाटते, की आडनाव गाळून तिला एकेरीत हाक मारण्याचा मोह आवरत नाही) जे लिहिले जाते, त्यात तिच्या दुःखांची यादी आधी येते आणि नृत्य नंतर. ती यादी खरी आहे. २० नोव्हेंबर १९२५ रोजी मॉस्कोत तिचा जन्म झाला. वडील मिखाईल प्लिसेत्स्की हे आर्क्टिकमधल्या स्पिट्सबर्गन बेटावरच्या सोव्हिएत कोळसा खाणींचे प्रमुख होते. स्टालिनच्या दमनसत्रात १९३७ साली त्यांना अटक झाली आणि पुढच्या जानेवारीत गोळ्या घालण्यात आल्या. आई राखिल मेसेरेर ही मूकपटांतली अभिनेत्री. तिला तान्ह्या मुलासह कझाकस्तानातल्या, ‘देशद्रोह्यांच्या बायकां’साठी उभारलेल्या छावणीत पाठवले गेले. बारा वर्षांच्या मायाला मावशीने, मॉस्कोच्या प्रसिद्ध बोल्शॉय थिएटरची नर्तकी सुलामिथ मेसेरेर हिने, आपल्या घरी घेतले. एका भावाला मामाने सांभाळले. मामा असाफ मेसेरेर हाही बोल्शॉयचाच नर्तक आणि पुढे तिथला नावाजलेला गुरू.

या सगळ्यावरून ‘एवढे सोसले म्हणूनच एवढी मोठी कलावंत झाली’ असे जे अनुमान काढले जाते, ते मला मान्य नाही. त्या छावण्यांत आणि त्या अनाथपणात लाखो माणसे होरपळली. त्यांच्यातून लाखो नर्तकी निर्माण झाल्या नाहीत. दुःखाला कलेचे कारण ठरवले, की ज्यांनी ते दुःख दिले त्यांच्याकडेही थोडेसे श्रेय जाते, आणि ते जाऊ नये असे मला मनापासून वाटते. शिवाय अशा लिखाणात तिने प्रत्यक्ष रंगमंचावर काय केले, हे पाहायचे राहून जाते.

‘मरणासन्न हंस’ या छोट्या रचनेचेच उदाहरण घेऊ. नृत्यरचनाकार फोकिनने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फ्रेंच संगीतकार सेंट-सान्सच्या संगीतावर ती रशियन नर्तकी आना पावलोव्हा हिच्यासाठी बसवली. अवघ्या काही मिनिटांचे हे नृत्य आहे. त्यात उड्या नाहीत आणि गिरक्यांची चढाओढही नाही. महायुद्धाच्या काळात कुटुंब स्वेर्दलोव्स्कला गेले असताना सुलामिथने हे नृत्य मायाकडून बसवून घेतले, तेव्हा ती सतरा वर्षांचीही नव्हती. माया प्रवेश करते तीच प्रेक्षकांकडे पाठ करून. पायाच्या टोकांवर इतक्या लहान, इतक्या भरभर पावलांनी ती सरकते, की पाय हलत आहेत हे विसरायला होते आणि दिसत राहतात ते फक्त हात. खांद्यापासून निघालेली लाट कोपरातून मनगटात येते, मनगटातून बोटांत जाते आणि बोटांतून बाहेर पडण्याआधीच खांद्यातून दुसरी लाट निघालेली असते. या हातांत हाडे नाहीत की काय, असे वाटते. हाडे अर्थातच आहेत, आणि खांद्याची पाती, पाठीचे स्नायू व श्वास यांवर ताबा असल्याशिवाय ही लाट एकदाही पूर्ण होणार नाही.

आपल्याकडे कथकमध्ये किंवा भरतनाट्यममध्ये हाताला अर्थ असतो. मुद्रा काहीतरी सांगते, आणि हात जाईल तिकडे दृष्टी जाते. बॅलेतला हात बहुधा काही सांगत नाही, तो देहाची रेषा पुरी करतो. मायाचा हात मात्र बोलतो, असे मला वाटते. पावलोव्हाच्या हंसाची जी धूसर चित्रफीत उपलब्ध आहे, त्यात मरणाला शरण गेलेला एक नाजूक जीव दिसतो. मायाचा हंस शरण जात नाही. तो खाली बसतो, पुन्हा उठण्याची धडपड करतो, मान वळवून वर पाहतो, आणि अखेरपर्यंत त्याच्या वागण्यात थोडासा राग असतो. टाळ्या थांबल्या नाहीत तर तेच नृत्य ती लगेच पुन्हा करी. एकाच संध्याकाळी तोच हंस दोनदा मरे.

बोल्शॉयमध्ये ती १९४३ साली दाखल झाली आणि १९४७ पासून ‘स्वान लेक’मध्ये हंस झालेली राजकन्या ओडेट आणि तिचे रूप घेऊन येणारी ओडिल या दोन्ही भूमिका करू लागली. हे बॅले तिने आठशेहून अधिक वेळा केले. मॉस्कोत आलेल्या प्रत्येक परदेशी पाहुण्याला ते दाखवण्याचा तेव्हा रिवाजच होता. पाहुण्यांबरोबर दर वेळी बसावे लागणाऱ्या सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्हने एकदा तिच्याकडे तक्रार केली, की आता स्वप्नातही पांढरे घागरे आणि रणगाडे एकमेकांत मिसळून येतात. ही आठवण तिनेच आत्मकथनात नोंदवली आहे. तिसऱ्या अंकात एका पायावर सलग बत्तीस गिरक्या घेण्याची परंपरा आहे आणि जाणकार प्रेक्षक त्या मोजत बसतात. माया त्या घेत नसे. त्याऐवजी ती गिरक्या घेतच रंगमंचाला वेगाने फेरी घालत असे. नियमावर बोट ठेवणाऱ्यांना हे उणेपण वाटते. मला त्यात स्वतःच्या शरीराची नेमकी ओळख दिसते. आपल्याला शिस्तबद्ध शालेय तालीम पुरेशी मिळाली नाही, वागानोव्हासारख्या गुरूकडे दीर्घकाळ शिकता आले नाही, ही खंत तिने पुढे उघडपणे सांगितली. आपल्या त्रुटी जाहीरपणे सांगणारे आणि तरीही त्यांवरून कुणाला बोलू न देणारे कलावंत मला फार आवडतात.

सत्तेशी तिचे नाते सरळ नव्हते. १९५३ साली तिला भारताच्या दौऱ्यावर पाठवले गेले. पण १९५६ मध्ये बोल्शॉय प्रथमच लंडनला निघाले तेव्हा तिचे नाव यादीतून गाळले गेले. बोल्शॉयचीच नर्तकी गालिना उलानोव्हा हिने लंडन जिंकले आणि माया मॉस्कोत ‘स्वान लेक’ करत राहिली. तिच्यावर गुप्त पोलिसांची पाळत होती. १९५८ साली तिने संगीतकार रोदिऑन श्चेद्रिनशी लग्न केले आणि १९५९ मध्ये अखेर तिला अमेरिकेला जाऊ दिले गेले. नवरा मात्र ओलीस ठेवावा तसा मॉस्कोत राहिला. देश सोडून पश्चिमेकडे पळालेले सोव्हिएत नर्तकही होते: नुरेयेव्ह १९६१ मध्ये पळाला, माकारोव्हा १९७० मध्ये, बारिश्निकोव्ह १९७४ मध्ये. माया दर वेळी परत आली. तिला बंडखोर म्हणणे मला अवघड वाटते आणि सरकारी शोभेची बाहुली म्हणणे तर अन्यायाचेच. सरकारचे मानसन्मान तिने घेतले, लेनिन पारितोषिकही घेतले, आणि त्याच सरकारच्या संस्कृतिमंत्र्यांशी तोंडावर भांडण केले.

ते भांडण ‘कार्मेन’वरून झाले. आपल्यासाठी नवे काही रचले जात नाही, जुन्या राजकन्याच नाचायच्या, याचा तिला उबग आला होता. कार्मेनचे संगीत लिहावे म्हणून ती संगीतकार शोस्ताकोविचकडे गेली, तेव्हा ‘कार्मेन’ हा प्रसिद्ध ऑपेरा लिहिणाऱ्या बिझेच्या रचनेपुढे जाण्याची आपल्याला भीती वाटते असे सांगून त्यांनी नकार दिला. अखेर श्चेद्रिनने बिझेच्याच सुरांची तंतुवाद्ये आणि तालवाद्ये एवढ्यांसाठी नव्याने मांडणी केली, आणि क्युबाहून आलेल्या अल्बेर्तो अलोन्सोने नृत्य बसवले. २० एप्रिल १९६७ रोजी पहिला प्रयोग झाला. टाच टेकवून उभी राहणारी, कंबर वळवणारी, पुरुषाकडे थेट पाहणारी ही नायिका पाहून संस्कृतिमंत्री येकातेरिना फुर्त्सेवा संतापल्या; दुसरा प्रयोग रद्द होण्याची वेळ आली, प्रेमाच्या प्रसंगाला कात्री लागली, आणि कॅनडाच्या दौऱ्यातून ‘कार्मेन’ वगळण्यात आले. तेव्हा कार्मेन नाही तर मीही येणार नाही, असे म्हणून माया घरी बसली. ही भूमिका तिने पुढे सुमारे साडेतीनशे वेळा केली. पहिल्या प्रयोगाच्या वेळीच ती चाळिशी ओलांडलेली होती, आणि त्या वयात बहुतेक बॅलेरिना निवृत्तीची तारीख शोधू लागतात.

१९७२ साली तिने ‘आना कारेनिना’ केले, या वेळी नृत्यरचनेतही स्वतः भाग घेऊन. फ्रेंच नृत्यरचनाकार बेजारने तिच्यासाठी ‘इझाडोरा’ रचले आणि त्याच्या ‘बोलेरो’मध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावरची माया एका मोठ्या टेबलावर उभी राहून, भोवती पुरुष नर्तकांचे कडे असताना, तोच ठेका अधिकाधिक चढवत नेते. सुरुवातीच्या अंधारात प्रकाश पडतो तो फक्त हातावर. बेजारने योगायोगाने तसे केले असेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

‘मरणासन्न हंस’ तिने सत्तरीतही केला. सोव्हिएत संघ उरला नव्हता, ती म्युनिकला राहत होती, आणि तिथेच २ मे २०१५ रोजी ती गेली. उतारवयातल्या चित्रफितीत तिचे पाय पूर्वीइतके झरझर चालत नाहीत, गुडघा जपून वाकतो, आणि ती ते लपवत नाही. खाली बसल्यावर एक पाय पुढे पसरून ती त्यावर झुकते आणि सगळे निवळले असे वाटते तेवढ्यात डाव्या-उजव्या मनगटांतून एक शेवटची थरथर जाते. आधीच्या चित्रफितींतही ती थरथर आहेच; पण ती पाहण्यासाठी मला प्रत्येक वेळी चित्रफीत मागे न्यावी लागली होती. इथे ती तिने जरा सावकाश केली आहे.