कुलूप दिसलं म्हणजे साइट खरी? त्या फॉरवर्डचा एकेक मुद्दा बघू

सध्या सोसायटीच्या ग्रुपपासून शाळेच्या बॅचच्या ग्रुपपर्यंत एक मेसेज फिरतोय, वर 'सायबर तज्ज्ञांचा सल्ला' आणि खाली हात जोडलेले इमोजी. त्यात म्हटलंय की ब्राउझरमध्ये साइटच्या पत्त्याआधी कुलूप आणि एचटीटीपीएस ही अक्षरं दिसली की ती साइट सरकारने तपासलेली असते, बिनधास्त कार्ड नंबर टाका. कुलूप दिसायला साइटला जे सर्टिफिकेट लागतं ते ठगांना मिळूच शकत नाही, त्याला कंपनीची कागदपत्रं आणि हजारो रुपये लागतात. कुलूप नसेल तर साइट उघडताच फोनमध्ये व्हायरस शिरतो. पब्लिक वायफायवर मात्र कुलूप असूनही हॅकर सगळं वाचतो. ब्राउझरचा इन्कॉग्निटो म्हणजे खाजगी मोड लावला की तुम्ही काय बघता ते कुणालाच कळत नाही. आणि कुलूपवाल्या साइटवर फसलात तर बँक सगळे पैसे परत देते. सहापैकी एकही मुद्दा धड नाहीये, पण पहिले दोन लोकांना थेट खड्ड्यात घालणारे आहेत म्हणून त्यांच्यावरच जास्त लिहितोय.

'सरकारने तपासलेली साइट.' कुठलं सरकार हो? ही सर्टिफिकेटं सर्टिफिकेट अथॉरिटी नावाच्या संस्था देतात, बऱ्याचशा खाजगी, आणि त्यातल्या कुणावर विश्वास ठेवायचा याची यादी गूगल, अॅपल, मायक्रोसॉफ्ट आणि मोझिला आपापली ठेवतात. आपल्या सरकारचा यातला किस्सा तर उलटाच आहे. जुलै 2014 मध्ये गूगलला आढळलं की आपल्या एनआयसीच्या, म्हणजे सरकारचं कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या संस्थेच्या, अथॉरिटीकडून गूगलच्याच डोमेनच्या, म्हणजे पत्त्यातल्या साइटच्या, नावाने सर्टिफिकेटं निघालीयेत, गूगलने न मागता. मग अशा अथॉरिटींवर देखरेख ठेवणाऱ्या आपल्याच सरकारी कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग अथॉरिटीजने एनआयसीची ती सर्टिफिकेटं रद्द केली, आणि क्रोमने भारतीय सरकारी अथॉरिटीवर मर्यादा घातली की तुमची सर्टिफिकेटं ठराविक भारतीय डोमेनपुरतीच चालतील. आज एखाद्या सरकारी साइटचं सर्टिफिकेट उघडून बघा, देणारी बहुतेक वेळा बाहेरची कंपनी निघेल.

बरं सर्टिफिकेट सांगतं तरी काय? दोनच गोष्टी: तुमच्या आणि त्या सर्व्हरच्या मधलं बोलणं एनक्रिप्ट होतंय, म्हणजे वाटेत कुणाला वाचता येणार नाही असं, आणि पत्त्यात जे नाव दिसतंय ते खरोखर त्याच सर्व्हरवाल्याच्या ताब्यात आहे. तो सर्व्हरवाला सज्जन आहे का चोर, याबद्दल एक अक्षर नाही. रजिस्टर पोस्टाचं पाकीट वाटेत कुणी फोडलं नाही म्हणून ज्याला पाठवलं तो भला माणूस ठरतो का?

आता दुसरा मुद्दा, 'ठगांना सर्टिफिकेट मिळत नाही, कंपनीची कागदपत्रं आणि हजारो रुपये लागतात.' ही गोष्ट पंधरा-वीस वर्षांपूर्वी थोडीफार तरी खरी होती. डिसेंबर 2015 मध्ये लेट्स एनक्रिप्ट नावाच्या ना-नफा संस्थेने सगळ्यांसाठी फुकट सर्टिफिकेटं सुरू केली, आणि चांगलंच केलं, कारण त्यामुळे छोट्यातल्या छोट्या ब्लॉगलाही एनक्रिप्शन मिळालं. पण तिथे माणूस बसलेला नसतो. प्रोग्राम विचारतो की हे डोमेन तुझं ना, मग साइटवर ही एक फाइल ठेवून दाखव नाहीतर डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांच्या वहीत, ही नोंद टाक, ती सापडली की काही मिनिटांत सर्टिफिकेट हातात. ना पॅन, ना आधार, ना ऑफिसचा पत्ता. ठगाने काल घेतलेलं डोमेन खरंच ठगाचंच असतं की, तो पास होणारच.

कॉम्प्युटरवरच्या क्रोममध्ये पत्त्याशेजारच्या चिन्हावर क्लिक करत करत सर्टिफिकेटपर्यंत गेलात तर 'ऑर्गनायझेशन'पुढे बऱ्याचदा 'नॉट पार्ट ऑफ सर्टिफिकेट' असं दिसतं, म्हणजे कंपनीचं नाव त्यात नाहीच. आणि हे फक्त खोट्या साइटचं नाही बरं का, खुद्द गूगलच्या सर्टिफिकेटातही तसंच दिसतं, त्यामुळे त्यावरून खरं-खोटं ठरवायला जाऊ नका.

मग कंपनीची कागदपत्रं तपासून देतात ती 'ईव्ही' नावाची महागडी सर्टिफिकेटं? 2017 मध्ये इयन कॅरोल या रिसर्चरने अमेरिकेतल्या केंटकी राज्यात 'स्ट्राइप, इंक' नावाची कंपनी रीतसर नोंदवली, पेमेंटवाली प्रसिद्ध स्ट्राइप वेगळी, आणि त्या नावाचं ईव्ही सर्टिफिकेट मिळवून दाखवलं. सगळं कायदेशीर! 2019 मध्ये क्रोम आणि फायरफॉक्सने पत्त्याच्या पट्टीतलं ते हिरवं कंपनीचं नाव काढूनच टाकलं. आणि ज्या कुलपावर हा अख्खा मेसेज उभा आहे ते कुलूपही क्रोमने सप्टेंबर 2023 पासून काढलंय, जागी सेटिंगसारखं चिन्ह आलंय. कारण गूगलच्या 2021 च्या पाहणीत भाग घेतलेल्यांपैकी फक्त 11 टक्के लोकांना कुलपाचा नेमका अर्थ कळला होता. म्हणजे मेसेज लिहिणाऱ्याने ब्राउझर तरी उघडून बघितलं होतं का देव जाणे.

बघायचं असतं ते नाव, आणि ते वाचायचं उलटीकडून. पत्त्यात डॉट कॉम, डॉट इन वगैरे नंतर जी पहिली तिरकी रेघ येते, तिथे बोट ठेवा आणि डावीकडे सरका. 'एसबीआय डॉट बँक डॉट इन डॉट अलाणंफलाणं डॉट कॉम' असा पत्ता असेल तर ती साइट अलाणंफलाणंवाल्याची आहे, आधीचं सगळं त्याने स्वतः चिकटवलेलं सजावटीचं सामान, आणि फोनवर पट्टी एवढीशी असते की तेवढंच पटकन डोळ्यात भरतं. रिझर्व्ह बँकेने बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत 'डॉट बँक डॉट इन'वर जायला लावलं ते यासाठीच, तो शेवट कुणालाही विकत मिळत नाही, बँकेलाच मिळतो. बऱ्याच सरकारी साइटचा शेवट तसाच 'गव्ह डॉट इन'. लाडकी बहीणच्या ई-केवायसीच्या वेळी खोट्या साइट निघाल्या तेव्हा लोकांनी हा शेवटच बघायला हवा होता, पण त्यांना कुलूप बघायला शिकवलेलं.

'कुलूप नसेल तर व्हायरस शिरतो.' नाही. साध्या, शेवटी एस नसलेल्या एचटीटीपीवर मधला कुणीही, वायफायवाला किंवा इंटरनेटवाला, पान वाचू शकतो आणि त्यात फेरफार करू शकतो, म्हणून तिथे पासवर्ड टाकायचा नाही. क्रोम जुलै 2018 पासून अशा सगळ्या साइटवर 'नॉट सिक्युअर' लिहितं, म्हणजे गावच्या देवस्थानची दहा वर्षं कुणी हात न लावलेली साइट पण त्यात आली. पूर्ण पानभर येणारी वॉर्निंग वेगळी, ती सर्टिफिकेट एक्स्पायर झालं, नाव जुळत नाही किंवा तुमच्याच फोनची तारीख चुकलीये अशा कारणांनी येते. बऱ्याच साइट एकदम बोंबलायला लागल्या तर आधी फोनचं घड्याळ बघा. एक्स्पायरीचे घोळ अजून वाढणार असं मला वाटतं, कारण सर्टिफिकेटांची 2020 मध्ये ठरलेली जास्तीत जास्त 398 दिवसांची मुदत टप्प्याटप्प्याने मार्च 2029 पर्यंत 47 दिवसांवर येणार आहे, आणि ज्यांनी रिन्यूअल ऑटोमॅटिक केलं नसेल त्यांची धांदल उडणार. तरी बँकेच्या साइटवर अशी वॉर्निंग आली तर 'पुढे जा' दाबायचं नाही, परत यायचं. आणि व्हायरसचंच म्हणाल तर तो व्हॉट्सअॅपवर आलेल्या खोट्या ई-चलानच्या एपीकेतून, म्हणजे फोनमध्ये अॅप बसवणाऱ्या फाइलमधून शिरतो, तिथे साइटही नसते आणि कुलूपही.

वायफायचा मुद्दा तर पहिल्या मुद्द्यालाच खोटं पाडतो, पण असो. एचटीटीपीएस बनलंय तेच मधल्या माणसावर भरवसा नसताना वापरायला. वायफायवाल्याला साधारण कुठल्या साइटवर गेलात ते कळतं, आत काय टाइप केलं ते नाही. याला अपवाद घडलाय, 2011 मध्ये डिजिनोटार ही डच अथॉरिटी हॅक झाली, गूगलच्या नावाचं खोटं सर्टिफिकेट निघालं आणि ते इराणमधल्या लोकांवर वापरलं गेलं. कंपनी त्याच महिन्या-दोन महिन्यांत दिवाळखोरीत गेली. त्यानंतर सर्टिफिकेटांची जाहीर नोंदवही ठेवायची पद्धत आली, 2018 पासून क्रोम नव्या सर्टिफिकेटांना तिची सक्ती करतं, त्यामुळे असलं प्रकरण लपवणं अवघड झालंय. स्टेशनवर बसून बँकेचं अॅप उघडायला हरकत नाही. वायफायच्या लॉगिन पानाने कार्ड नंबर मागितला तर मात्र पळा.

इन्कॉग्निटोबद्दल एकच ओळ पुरे: ते तुमच्या फोनवरची हिस्ट्री ठेवत नाही, बाकी इंटरनेट कंपनी, ऑफिसचं नेटवर्क आणि ती साइट सगळे जागेवरच असतात.

शेवटचा 'बँक पैसे देते'वाला मुद्दा वाचून खरंच राग आला. रिझर्व्ह बँकेने जुलै 2017 मध्ये काढलेल्या परिपत्रकात कुलपाचा काही संबंधच नव्हता. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसरीकडेच गडबड झाली आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर बोजा नाही, असं त्यात होतं. पण पिन-पासवर्डसारखी माहिती तुम्ही स्वतः दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं, असंही त्यात होतं. खोट्या साइटवर ओटीपी टाकणारा बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रकारात मोजला जातो. म्हणून 'कुलूप होतं, मिळतील पैसे' म्हणत सोमवारची वाट बघू नका, आधी बँकेला फोन, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग घरच्यांना काय सांगायचं ते ठरवा.