टाकीतले सर

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरमध्ये राहणाऱ्यांना टाकी वाजवण्याची विद्या कोणी शिकवावी लागली नाही. प्लास्टिकच्या टाकीवर बोटाच्या पेराने ठोकत वरून खाली यायचे, रिकामा भाग ‘ढुम्म’ करून घुमतो आणि जिथे आवाज मुका होतो तिथे पाणी. आमच्या अपार्टमेंटच्या गच्चीवर प्रत्येक फ्लॅटची टाकी वेगळी होती आणि स्वतःची वाजवून झाली की जाता जाता शेजाऱ्याचीही वाजवून पाहण्याचा रिवाज सर्वांनी पाळला होता. विचारले असते तर कोणी तो मान्य केला नसता, ही गोष्ट वेगळी.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये गणिताचे एक निवृत्त सर राहत. जिन्यात समोरासमोर आलो तरी त्यांची मान जेमतेम हले. मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन आली, तेव्हा अवघी सोसायटी पेढे वाटण्याच्या बेतात असताना ‘माणशी सव्वा लिटर’ असे तीनच शब्द बोलून ते दार लावून घेते झाले. अशा माणसाशी थट्टामस्करी संभवत नाही, असे माझे ठाम मत होते.

त्याच दिवसांत एकदा टँकरच्या आशेने भल्या पहाटे गच्चीवर गेलो. आमची टाकी नेहमीप्रमाणे घुमली. मग रिवाजानुसार सरांच्या टाकीवर दोनदा ठोकले, तर आतून तीनदा ठकठक झाली. हातापायांतले बळच गेले. पाल असेल, उंदीर असेल, अशी मनाची समजूत घालत मी चांगले पाच ठोके मारले. आतून सावकाश, मोजून, सात आले. दोन, तीन, पाच, सात! भुताखेतांना मूळ संख्या येत असतीलही, परंतु त्या दुसऱ्याकडून म्हणवून घेण्याची हौस आख्ख्या इमारतीत एकाच माणसाला होती.

“सर?” मी झाकणातून डोकावलो.

“अकरापर्यंत जाल वाटलं होतं,” आतून आवाज आला.

“आत काय करायलाव तुम्ही?”

“टाकी घासायलोय. पाणी नाही तर गाळ तरी काढावा म्हणलं. दिवसा आत बसलं की भट्टी होती.”

बॅटरीच्या उजेडात पाहतो तो सर बनियनवर, गुडघ्यापर्यंत पायजमा दुमडून, एका हातात घासणी आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या स्टुलाचा मोडलेला पाय घेऊन उभे. वर चढायचे साधन तेवढेच होते आणि मोबाइल घरी चार्जिंगला लावलेला.

“मग हाक तरी मारायची!”

“तमाशा कशाला? म्हणलं, माझी टाकी वाजवायला कुणीतरी येतंयच.”

यावर बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. दोन-चार शेजाऱ्यांना उठवून आणतो म्हणालो, तर ते गडबडीने म्हणाले, “गर्दी नको. एकशे चव्वेचाळीस लागू आहे.” पाणी भरण्याच्या ठिकाणी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून शहरातील टाक्यांपाशी मार्चपासून जमावबंदी होती, हे खरे, पण ती आमच्या गच्चीला लागू करण्याचा अधिकार सरांनी आतूनच वापरला.

मी खाली जाऊन वॉचमनला आणि त्याच्या शिडीला घेऊन आलो. शिडी आत सोडताच सरांनी विचारले, “आपण एकूण किती झालो?”

“तिघं.”

“मूळ संख्या आहे. चालतंय,” असे म्हणत त्यांनी आधी गाळाची बादली वर दिली.