पुराच्या आधीचा हिशेब: तकाफुल, बैतुलमाल आणि आपली नदीकाठची गावं

जुलै उजाडला की चिकोडी-निपाणी भागात पहिली बातमी ठरलेली असते: कल्लोळ-येडूर, मलिकवाड-दत्तवाड, भोजवाडी-कुन्नूर, जत्राट-भिवशी हे पूल पाण्याखाली. त्या सुमारास मशिदींतून आणि व्हॉट्सॲप गटांतून आणखी एक चर्चा सुरू होते. विमा हराम आहे, मग पूर आला तर करायचं काय? कुणी म्हणतं तकाफुल, म्हणजे शरियतला धरून चालणारी परस्पर मदतीची योजना, काढू, कुणी म्हणतं जमातीतर्फे, म्हणजे मशिदीभोवतीच्या समाजातर्फे, बैतुलमाल, म्हणजे भिशीसारखा सामायिक फंड करू. पाणी ओसरलं की चर्चाही ओसरते. या विषयावर एकदा नीट, आकड्यांसह लिहायला हवं, कारण अर्धवट माहितीवर उभे राहिलेले फंड लोकांचं दुहेरी नुकसान करतात.

आधी मूळ आक्षेप काय ते पाहू. नेहमीच्या विम्यात हप्ता भरून आपण कंपनीकडून एक अनिश्चित गोष्ट विकत घेतो. घर पडलं तर पैसे, नाही पडलं तर हप्ता कंपनीचा, आणि तो पैसा व्याजी रोख्यांत गुंतवलेला. अनिश्चितता म्हणजे घरर, जुगाराचा अंश म्हणजे मैसिर, व्याज म्हणजे रिबा, असे हे तीन आक्षेप आहेत. तकाफुलमध्ये सभासद एका सामायिक निधीत दान देतात, त्याला तबर्रु म्हणतात. निधी सभासदांचा असतो, कंपनी ठरलेल्या मोबदल्यावर फक्त व्यवस्था पाहते. वर्षाअखेर शिल्लक राहिली तर तिच्यावर हक्क सभासदांचा. तूट आली तर व्यवस्थापकाने बिनव्याजी कर्ज, म्हणजे कर्जे हसना, द्यायचं आणि पुढच्या शिलकेतून ते फेडून घ्यायचं. सुदानमध्ये 1979 साली अशी पहिली कंपनी निघाली, मलेशियाने 1984 साली कायदा केला, आणि 1985 साली जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह (इस्लामी धर्मशास्त्र) अकादमीने सहकारी तत्त्वावरच्या विम्याला मान्यता दिली.

म्हणून कुणी 'हलाल विमा' म्हणून काही घेऊन दारात आलं तर तीन प्रश्न विचारा. निधी कुणाच्या मालकीचा? शिल्लक कुणाची? तूट पडली तर कोण भरणार? तिन्हींची उत्तरं कागदावर नसतील तर नाव काहीही असो, त्यात पैसे घालू नका. 2019 च्या जूनमध्ये बंगळुरूत हलाल गुंतवणुकीच्या नावाखाली हजारो कुटुंबांची बचत बुडाली. दरमहा मिळणाऱ्या परताव्याला नफा म्हटलं होतं, म्हणून कुणी हिशेब मागितला नाही.

आता कायद्याचं. भारतात आजघडीला तकाफुल कंपनी नाही. विमा कायदा 1938 प्रमाणे आयआरडीएआय या विमा नियामकाच्या परवान्याशिवाय विम्याचा धंदा करता येत नाही, आणि कंपनी काढायला किमान भांडवलच 100 कोटी रुपये लागतं. बिनव्याजी बँकिंगची शिफारस 2008 साली रघुराम राजन समितीने केली होती, पण 2017 साली रिझर्व्ह बँकेने तो विषय पुढे न नेण्याचं ठरवलं. त्यामुळे जमातीच्या फंडाने 'महिना 100 भरा, घर पडलं तर 50,000 मिळतील' अशी लेखी किंवा तोंडी हमी द्यायची नाही. ती दिली की तो बिनपरवाना विमा होतो. 'पाच वर्षांनी रक्कम परत' असं लिहिलं की 2019 च्या अनियमित ठेव योजना बंदी कायद्याचा प्रश्न उभा राहतो. फंड म्हणजे दान: परत न मिळणारं, आणि उपलब्ध रकमेतून समिती ठरवेल तेवढीच मदत. पावतीवर हेच शब्द छापून घ्या. शिल्लक वाटायची नाही, पुढच्या वर्षी न्यायची.

मग अशा फंडाचा उपयोग किती? इथे आकडेमोड करावीच लागते. समजा नदीकाठच्या एका गावात 150 कुटुंबं आहेत आणि प्रत्येक जण महिना 50 रुपये देतो. वर्षाचे झाले 90,000. पूर आला आणि 100 घरांत पाणी शिरलं. प्रत्येकी फक्त 3,000 म्हटलं तरी 3 लाख लागतात, म्हणजे सव्वातीन वर्षांहून जास्त काळाची वर्गणी एका दिवसात संपली. आजारपण, अपघात, मयत यांसाठी गावातला फंड चालतो, कारण ते एका वेळी एका घरावर येतं. महापूर सगळ्या गल्लीवर एकदम येतो. देणारेही तेच आणि घेणारेही तेच असले की फंड नेमका गरजेच्या दिवशी कोसळतो. एकेका मशिदीचे फंड याच कारणाने टिकत नाहीत. त्यात चालवणाऱ्यांचा दोष काढण्यात अर्थ नाही.

उपाय एकच, फंड पसरवणं. नदीकाठच्या जमाती आणि उंचावरच्या जमाती एकत्र हव्यात: निपाणी शहर, बेळगाव शहर, खानापूरची माळावरची गावं. 1,500 कुटुंबं, महिना 50 रुपये, वर्षाचे 9 लाख. त्यातली 400 कुटुंबं नदीकाठची धरली तर प्रत्येकी 3,000 प्रमाणे 12 लाख लागतील. दोन वर्षं पूर आला नाही तर हातात 18 लाख असतात. मदत देऊनही 6 लाख कर्जे हसनासाठी उरतात. पण एकट्या बेळगाव जिल्ह्यावर भिस्त ठेवू नका. कृष्णेला कोयनेचं पाणी, दूधगंगा-वेदगंगेला घाटमाथ्याचा पाऊस, घटप्रभेला हिडकल धरणाचा विसर्ग, मलप्रभेला कणकुंबीचा पाऊस. उगम वेगळे, तरी ऑगस्ट 2019 मध्ये या सगळ्या एकाच वेळी फुगल्या. घटप्रभेवरचा गोकाकजवळचा लोळसूर पूल पाण्याखाली होता तेव्हा मलप्रभेकाठच्या रामदुर्गातही पाणी होतं. म्हणून धारवाड, विजापूर, पुणे इथल्या जमातींशी करार हवा. मोठ्या कंपन्या रीतकाफुल करतात, म्हणजे निधीचा पुन्हा दुसरीकडे आधार घेतात, त्याचं हे आपल्या कुवतीतलं रूप आहे.

उंचावरचा माणूस विचारेल, माझ्या घरात पाणी येत नाही, मी का द्यावं? प्रश्न रास्त आहे. त्याला दान आहे एवढं सांगून भागत नाही. आग, वीज पडणं, वादळात पत्रे उडणं याही गोष्टी नियमात घ्या, मग तोही टिकतो. दुसरी अडचण उलटी आहे. लोक जूनमध्ये सभासद होतात आणि दिवाळीला गळतात. त्यासाठी सभासदत्व 31 मार्चला बंद करा, आणि सलग बारा महिने वर्गणी भरलेल्यालाच पहिली मदत मिळेल असा नियम ठेवा. त्यानंतर नवी नावं घेऊ नका, कितीही जवळचा माणूस असला तरी.

मदत कधी सुटणार हे आधी ठरलेलं हवं. केनियाच्या वजीर भागात जनावरांसाठी तकाफुल आहे. तिथे उपग्रहाच्या चित्रांवरून चारा किती सुकला ते मोजतात आणि ठरलेल्या पातळीखाली गेला की घरोघर पंचनामा न करता पैसे देतात; 2014 साली पहिली रक्कम मिळाली. आपल्याकडे काही जण सुचवतात की पूल बुडाला की मदत सोडा. हे चुकीचं आहे. वर दिलेले पूल बुटके आहेत, ते जवळपास दर वर्षी बुडतात, घरं मात्र कोरडी असतात. त्या मोजमापावर फंड दोन पावसाळ्यांत रिकामा होईल. योग्य खूण म्हणजे गावातली 2019 ची पाण्याची रेघ. शाळेच्या किंवा मशिदीच्या भिंतीवर ती ऑइल पेंटने आखा, तिच्याखाली एकेक फुटाच्या रेघा मारा. कोणत्या रेघेला कोणत्या गल्लीत उंबऱ्याला पाणी लागतं याची यादी मे महिन्यात करा. पाणी त्या रेघेला लागलं की त्या गल्लीतल्या सगळ्या सभासदांना उपलब्ध रकमेतून 3,000 पर्यंत, चौकशीशिवाय, 48 तासांत. पैसे आधी, तपासणी नंतर. पहिल्या आठवड्याचे 3,000 महिन्याभराने येणाऱ्या 10,000 पेक्षा जास्त कामाचे असतात, कारण तेवढ्यासाठीच बायका मायक्रोफायनान्सच्या दारात जातात. वसुलीचा जाच इतका वाढला होता की 2025 च्या फेब्रुवारीत कर्नाटक सरकारला त्यावर अध्यादेश काढावा लागला.

दुसरा टप्पा घर पडल्याचा. आपल्याकडच्या भेंड्याच्या, म्हणजे मातीच्या, भिंती पाण्यात उभ्या राहतात आणि पाणी उतरून ऊन पडलं की बसतात, कधी आठ-दहा दिवसांनी. म्हणून पाहणी दोनदा करा, पाणी उतरल्यावर लगेच आणि पंधरा दिवसांनी. पाहणीला तिघे हवेत: एक गावच्या जमातीचा, एक दुसऱ्या गावच्या जमातीचा, आणि एक गावातलाच मुसलमान नसलेला जाणता माणूस, शिक्षक किंवा निवृत्त पोस्टमन. तिसऱ्यामुळे नात्यागोत्याचा दबाव कमी होतो.

यात आपल्या भागात सर्वांत जास्त चुकतं ते जकातीचं, म्हणजे दरवर्षीच्या अनिवार्य दानाचं. जकातीचा आणि तबर्रुचा पैसा एकाच खात्यात टाकू नका. जकात अडीच टक्के, ठरलेल्या आठ प्रकारच्या हक्कदारांसाठी. हनफी या फिक्ह परंपरेच्या मतानुसार ती हक्कदाराच्या मालकीची करून द्यावी लागते, म्हणजे त्यातून होडी, पंप किंवा निवाऱ्याची शेड घेता येत नाही, आणि ती कर्जाऊ देऊन परत मागणं तर मुळीच बसत नाही. शिवाय बहुसंख्य फकीहांच्या, म्हणजे धर्मशास्त्राच्या जाणकारांच्या, मते जकात मुसलमानालाच जाते, पण शेजारच्या लिंगायत किंवा मराठा घरातही तेच पाणी शिरलेलं असतं. तबर्रु आणि नफल सदका, म्हणजे ऐच्छिक दान, कुणालाही देता येतो. म्हणून पुराचा फंड सदक्याचा ठेवा, म्हणजे गल्लीतल्या प्रत्येक घराला मदत करताना कुणाचं मन कचरणार नाही. माझं ठाम मत आहे की अशा फंडात इतर समाजाच्या कुटुंबांना सभासदही करून घ्यावं. जकातीचा उपयोग आहेच: कर्जात बुडालेला माणूस त्या आठांत येतो. फक्त ती रमजानमध्ये वाटून संपते आणि पावसाळ्यात पेटी रिकामी असते. चौथा हिस्सा बाजूला ठेवायचा असेल तर मुफ्तीसाहेबांना विचारून, किती काळ ठेवता येईल ते लिहून घ्या.

उश्र, म्हणजे शेतीच्या पिकावरचं दान, कुणाच्या लक्षात राहत नाही. पावसावरच्या पिकावर दहावा हिस्सा, कष्टाने पाणी दिलेल्या पिकावर विसावा. भारतातल्या जमिनींना तो लागू होतो का यावर उलेमांत, म्हणजे धर्मपंडितांत, मतभेद आहेत, पण स्वखुशीने खानापूरच्या भातातून पोत्याला एक पायली कुणी दिली तर पुराच्या छावणीचा तांदूळ त्यातूनच निघतो.

कर्जे हसना: 10,000 द्या, 500 चे वीस हप्ते, पहिला हप्ता तीन महिन्यांनी. दोन जामीन, त्यातला एक पूर न येणाऱ्या गावचा. फॉर्मचा खर्च म्हणून प्रत्यक्ष लागलेले 50-100 रुपये घेतले तर चालतं. रकमेवर एक टक्का 'सेवा शुल्क' लावलं की ते व्याजच. बियाणं किंवा मोटर द्यायची असेल तर मुराबहा करता येतो: फंडाने वस्तू स्वतः विकत घ्यायची, बिल फंडाच्या नावावर, मग किंमत आणि नफा उघड सांगून हप्त्याने विकायची. हातात रोख देऊन कागदावर मुराबहा लिहिण्याची पद्धत पडली आहे, ती बंद व्हायला हवी.

पैसा ठेवायला संस्थेच्या नावाचं चालू खातं, कारण त्यावर व्याज मिळत नाही. तीन सह्यांपैकी दोन लागतील, आणि तिघे तीन गावचे. आखातात असलेल्या भावाने भारतीय पासपोर्टवर स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा परकीय देणगीत मोडत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकाचा मोडतो, आणि त्याला एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी कायद्याखालची, नोंदणी लागते.

आणि कृपा करून फंड आहे म्हणून सरकारी मदत सोडू नका. 2019 ला तातडीचे 10,000 आणि पूर्ण पडलेल्या घराला टप्प्याटप्प्याने 5 लाख जाहीर झाले होते. एवढी रक्कम कोणताही जमातीचा फंड देऊ शकत नाही. ती अडते कागदांवर. घर वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर, वारसा नोंद नाही, ई-स्वत्तू या ग्रामपंचायतीच्या मिळकत नोंदीचा नमुना 9 आणि 11 काढलेला नाही, आधारवरचं नाव वेगळं. हे सगळं एप्रिल-मेमध्ये पीडीओकडे (पंचायत विकास अधिकाऱ्याकडे) जाऊन पूर्ण करावं. अर्ज कानडीत असतात, म्हणून प्रत्येक गावात कानडी लिहिता येणारी दोन पोरं नेमा. चिखल काढायच्या आधी फोटो घ्या: चौकटीसह भिंत, पाण्याची रेघ आणि घरमालक एकाच फोटोत.

पीकविम्यात खरीप अन्नधान्य आणि गळीत पिकांना शेतकऱ्याचा वाटा 2 टक्के, बाकी सरकार भरतं. आपल्या पंचायतीत कोणतं पीक अधिसूचित आहे ते आधी बघा, आणि स्थानिक आपत्तीत नुकसानीची सूचना 72 तासांत द्या. पक्क्या घराला आणि दुकानाला पुराचा विमा हवा असेल तर 'भारत गृह रक्षा' आणि 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' या ठरावीक पॉलिसी 2021 पासून आहेत. घराच्या पॉलिसीत घराच्या रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत, कमाल 10 लाखांचं सामान आपोआप धरलं जातं. हा नेहमीचा विमा आहे. तो घ्यावा की नाही यावर उलेमांत एकमत नाही. काही जण गरज म्हणून परवानगी देतात, काही सरकारी योजना आणि खाजगी कंपनी यांत फरक करतात. आपल्या मुफ्तींना विचारताना 'विमा जायज आहे का' एवढंच विचारू नका. घर नदीपासून किती अंतरावर, 2005, 2019 आणि 2021 ला किती पाणी आलं, हप्ता किती, सरकारचा वाटा किती, दुसरा पर्याय काय, हे सगळं एका कागदावर लिहून द्या आणि उत्तरही लेखी मागा.