एका सिमकार्डावरून

२००७ च्या जुलैत मी ब्रिस्बेनला शिकत होते. सांगलीहून बाबांचा फोन आला आणि ख्यालीखुशालीच्या आधी त्यांनी विचारलं, "तू तुझं सिम कुणाला दिलंयस का गं?"

तेव्हा इथल्या भारतीय घरांत दुसरा विषयच नव्हता. डॉ. मोहम्मद हनीफ, कर्नाटकातला तरुण डॉक्टर, गोल्ड कोस्टच्या हॉस्पिटलात नोकरीला. नुकत्याच जन्मलेल्या लेकीला बघायला भारतात निघाला होता. २ जुलैला ब्रिस्बेन विमानतळावर त्याला पकडलं. दोनच दिवसांपूर्वी ग्लासगो विमानतळात पेटती जीप घुसवण्यात आली होती. त्या हल्लेखोरांपैकी एकजण हनीफचा लांबचा भाऊ. आणि वर्षभरापूर्वी इंग्लंड सोडताना हनीफनं आपलं सिमकार्ड या हल्लेखोराच्या धाकट्या भावाला दिलं होतं.

परदेशात राहिलेल्या कुणालाही विचारा, निघताना आपण हेच करतो. कुकर, रजई, थोडा बॅलन्स उरलेलं सिम, सगळं मागे राहणाऱ्याच्या हवाली करून येतो. मीही केलंय.

हनीफला १२ दिवस आरोप न ठेवता कोठडीत ठेवलं. ते सिम ग्लासगोच्या जीपमध्ये सापडलं असं कोर्टात सांगितलं गेलं. प्रत्यक्षात ते तिथून शेकडो किलोमीटर लांब, लिव्हरपूलला होतं. मॅजिस्ट्रेटनी जामीन दिला, तर त्याच दिवशी मंत्र्यांनी त्याचा व्हिसा रद्द केला. २७ जुलैला सरकारी वकिलांनी खटलाच मागे घेतला. पुढे त्याला नुकसानभरपाईही मिळाली.

पण मला आज सांगायचंय ते त्यानंतरचं. निवृत्त न्यायाधीश जॉन क्लार्क यांनी या प्रकरणाची चौकशी केली आणि २००८ च्या अहवालात फक्त "कोण चुकलं" एवढ्यावर ते थांबले नाहीत. दहशतवादविरोधी कायद्यांवर लक्ष ठेवायला सरकारबाहेरचा स्वतंत्र माणूस नेमायचा विचार करा, असंही त्यांनी सुचवलं. ब्रिटनमध्ये अशी पद्धत आधीपासून होती. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियात राष्ट्रीय सुरक्षा कायद्यांच्या स्वतंत्र निरीक्षकाचं पद कायद्यानं तयार झालं. त्यामागे हे एकच कारण नव्हतं, पण एका भारतीय डॉक्टरचं सिमकार्ड त्यात नक्की आहे.

हा निरीक्षक एखाद्या आरोपीचा खटला चालवत नाही, जामीन देत नाही. तो कायदा तपासतो. हा कायदा अजून लागतो का? ज्यासाठी केला त्यासाठीच वापरला जातोय का? त्याला गुप्त कागद बघता येतात, गुप्तचर खात्याच्या अधिकाऱ्यांना बोलावून विचारता येतं. त्याचा अहवाल, गुप्त भाग वगळून, १५ बैठकांच्या आत संसदेत ठेवावाच लागतो. माझ्या मते सगळी ताकद या शेवटच्या अटीत आहे. सरकार अहवाल मानेल न मानेल, पण दडपू शकत नाही.

सरकार मानत नाही, हेही खरं. पहिले निरीक्षक ब्रेट वॉकर यांनी आरोप न ठेवता माणसाला अडकवून ठेवणाऱ्या तरतुदी रद्द करा असं स्पष्ट लिहिलं आणि सरकारनं वर्षानुवर्षं उत्तरच दिलं नाही. २०१४ मध्ये तर हे पदच मोडीत काढायचं विधेयक आलं होतं, मग तो विचार सोडावा लागला. तरीही काम साचत जातं. वॉकरनी ज्यावर बोट ठेवलं होतं, त्यातला गुप्तचर खात्याचा चौकशीसाठी डांबून ठेवायचा अधिकार २०२० मध्ये गेला. २०२३ मध्ये त्या वेळचे निरीक्षक ग्रँट डोनाल्डसन यांनी शिक्षा भोगून झालेल्या माणसाला "धोकादायक" म्हणून आणखी आत ठेवायची तरतूद काढून टाका असं सांगितलं. माणूस किती धोकादायक हे मोजायची जी पद्धत वापरत होते, तिच्यावर शंका घेणारा अहवाल सरकारी खात्यानं बचाव पक्षाला दिलाच नव्हता. याबद्दलही त्यांनी त्या खात्याला खडे बोल सुनावले.

आता आपल्याकडे या. यूएपीए या आपल्या दहशतवादविरोधी कायद्यात अशी देखरेख कागदावर आहे. २६/११ नंतर, २००८ च्या डिसेंबरात जी दुरुस्ती झाली, तिच्यात कलम ४५(२) आलं: खटल्याला मंजुरी देण्यापूर्वी एका प्राधिकरणानं पुरावा स्वतंत्रपणे तपासायचा. मुदत सात कामाचे दिवस. नेमणूक मात्र सरकारचीच, आणि शिफारस फाइलीत बंद.

हे कसं चालतं ते बघायचं तर नागपूर खंडपीठाचा २०२२ चा निकाल वाचा. माओवाद्यांशी संबंधांचा आरोप असलेल्या प्रा. जी. एन. साईबाबांच्या खटल्यात या "स्वतंत्र" तपासणीचा कागद जेमतेम अर्ध्या पानाचा होता. पुराव्याचा गोषवारा नाही, कारणं नाहीत. साईबाबांपुरती तर मंजुरीच खटला सुरू झाल्यावर आली. म्हणून कोर्टानं खटलाच रद्द ठरवला. तो निकाल सुप्रीम कोर्टानं दुसऱ्याच दिवशी थांबवला, पुढे पुन्हा सुनावणीला पाठवला. मार्च २०२४ मध्ये हायकोर्टानं सगळ्यांना निर्दोष ठरवलं. साईबाबांची अटक २०१४ ची. एक सहआरोपी तोवर कैदेतच वारला होता. साईबाबा सुटल्यावर सातेक महिन्यांत वारले. ते अर्धं पान कुणीतरी मन लावून, चार रात्री जागून लिहिलं असतं तर? या प्रश्नाचा मला अजून त्रास होतो.

कुणी म्हणेल, तुला दहशतवाद्यांचा पुळका आलाय. माझी आत्या ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये होती, स्फोट झालेल्या गाडीच्या मागच्या गाडीत. त्या खटल्यात मोक्का लागला होता. १९ वर्षांनी, जुलै २०२५ मध्ये हायकोर्टानं बाराच्या बारा जणांना निर्दोष सोडलं. अपील सुप्रीम कोर्टात आहे. १८० च्या वर माणसं गेली, त्यांच्या घरच्यांना आजही माहीत नाही की बॉम्ब कुणी ठेवले. कडक कायद्याखालचा तपास वेळेवर कुणी तटस्थपणे तपासत नाही, तेव्हा मेलेल्यांवरही अन्याय होतो.

आणि हे आपल्याला जमत नाही असंही नाही. २००४ मध्ये पोटा हा दहशतवादविरोधी कायदा रद्द करताना संसदेनं सगळे प्रलंबित खटले पुनर्विलोकन समित्यांकडे वर्षभरात तपासायला दिले होते. गोध्रा प्रकरणात पोटा लागूच होत नाही असं समितीनं ठरवलं आणि गुजरात हायकोर्टानं ते उचलून धरलं. पण ही तपासणी कायदा मेल्यावरची. त्याही आधीच्या टाडा कायद्याची मुदत तरी दर दोन वर्षांनी संपायची, मग संसदेत चर्चा व्हायची. यूएपीएला तीही नाही.

जुलै २०२५ मध्ये आपल्या विधिमंडळानं जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. त्यात सल्लागार मंडळ आहे, पण ते संघटनेवरची बंदी योग्य का एवढंच बघणार. हा कायदा वर्षभरात किती जणांवर लावला, किती सुटले, कुणाला किती महिने आत ठेवलं, हे दरवर्षी सभागृहासमोर कोण ठेवणार? तुमच्या ओळखीचे आमदार असतील, कोणत्याही पक्षाचे, तर त्यांना हे विचारा. काय उत्तर मिळालं ते इथे खाली लिहा. मी माझ्या मतदारसंघातल्या आमदारांना गेल्या आठवड्यात पत्र टाकलंय.