‘उगाच घाबरवता’ : ट्रीटेड लाकूड तापवण्याबद्दलच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की, ट्रीटेड लाकडाला, म्हणजे कीड-बुरशी लागू नये म्हणून रसायन भरलेल्या लाकडाला, आच देऊ नका असं सांगून मी लोकांना विनाकारण घाबरवलं. आर्सेनिकवालं लाकूड केव्हाच बंद झालं आहे. अशा फळ्या तुम्ही गरम हवेत वाळवल्यात, वाफेवर वाकवल्यात, काहीही झालं नाही. आणि आता जुन्या कुंपणाच्या फळ्यांवर ब्लोटॉर्च फिरवून त्यांना जपानी पद्धतीचा काळा पृष्ठभाग देणार आहात, तेही उघड्यावर, मास्क लावून.

वाळवणं आणि वाफवणं याबद्दल माझा तुमच्याशी वादच नाही. ट्रीटमेंटनंतर कारखान्यातही लाकूड 70 अंश सेल्सिअसच्या आसपास वाळवतात, आणि साध्या वाफेचं तापमान 100 अंशांच्या पुढे जात नाही. तेवढ्यानं लाकूड जळत नाही. वाफवताना खाली ठिबकणारं पाणी तेवढं अंगावर घेऊ नका आणि जागा हवेशीर ठेवा.

ब्लोटॉर्चचं तसं नाही. 200 अंशांच्या पुढे लाकूड स्वतःच विघटित व्हायला लागतं, 300 च्या आसपास कोळसतं आणि टॉर्चची ज्वाला तर हजार अंशांच्या कितीतरी वर असते. वाफेवर काही झालं नाही हा अनुभव खरा आहे, पण त्यावरून ज्वालेबद्दल काहीच ठरत नाही.

आता आर्सेनिक. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं सीसीए हे मिश्रण सोंती कामेसन या भारतीय शास्त्रज्ञानं 1933 मध्ये शोधलं. लाकूड टिकवण्यात त्याची बरोबरी करणारं फार थोडं आहे, हे मान्य केलंच पाहिजे. अमेरिकेत घरगुती वापरासाठी ते थांबलं 2003 च्या अखेरीला. थांबलं ते नवं उत्पादन. आधी लागलेल्या फळ्या कुठे गेल्या? सीसीएचं लाकूड दशकानुदशकं टिकतं, म्हणून तर ते वापरायचे. जुनं कुंपण, जुना डेक, जुने खांब म्हटलं की पहिला संशय सीसीएचाच घ्यायला हवा. नव्या लाकडाची हिरवट झाक उन्हापावसात उडून जाते आणि फळी राखाडी पडते, त्यामुळे नुसतं बघून खात्री होत नाही.

प्रमाणाचाही अंदाज घ्या. जमिनीला टेकणाऱ्या लाकडात एका घनमीटरला साधारण 6.4 किलो सीसीए भरायचे. त्या हिशेबानं सुमारे अडीच मीटर लांब, 14 सेंटिमीटर रुंद आणि चार सेंटिमीटरला थोडी कमी जाड अशा एका फळीत 18 ग्रॅमच्या आसपास आर्सेनिक येतं. पोटात गेलं तर एका ग्रॅमचा अंशही मोठ्या माणसाचा जीव घेऊ शकतो. एरवी ते क्रोमियमबरोबर लाकडात घट्ट बांधलेलं असतं, म्हणून फळीला नुसता हात लावून सहसा कोणी लगेच आजारी पडत नाही. पण लाकूड कोळसायला लागलं की तीच बांधणी तुटते. कोळसा आणि त्यातून निघणारे वायू आर्सेनिकचं रूप बदलतात, त्याचा ट्रायऑक्साइड होतो आणि तो उडून धुरात मिसळतो. म्हणजे तुम्हाला जो काळा थर हवा आहे, तो तयार होतानाच हे घडतं.

उघड्यावर धूर पांगतो, खरं आहे. पण टॉर्च धरणारा माणूस फळीवर वाकलेला असतो. धुळीचा मास्क कण अडवतो, वायू अडवत नाही. शिवाय जाळून झाल्यावर तुम्ही तारेच्या ब्रशनं सैल काजळी घासणार. उडून न गेलेलं आर्सेनिक, क्रोमियम आणि तांबं त्याच काजळीत साठलेलं असतं. ती बाहीवर बसते, नखांत जाते, अंगणातल्या मातीत पडते. दिसायला साध्या काजळीसारखीच, वेगळा वास नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये एका कुटुंबानं शेगडीत असंच लाकूड जाळलं. केस गळणं, नाकातून रक्त येणं असे त्रास घरातल्यांना हिवाळ्यामागून हिवाळे होत राहिले. ही नोंद 1984 मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली आहे.

फळ्या नव्या, म्हणजे एसीक्यू किंवा कॉपर अझोल या तांब्यावर आधारलेल्या रसायनांच्या असल्या तर आर्सेनिकचा प्रश्न नाही. तरी मी ज्वाला लावणार नाही. त्यातलं तांबं राखेत उरतं, सेंद्रिय भाग धुरात जातो, आणि क्लोरीन असेल तर डायॉक्सिन हे विषारी संयुग तयार व्हायला तांबं मदत करतं. हीट गननं जुना रंग काढणं आणि तापलेल्या पेननं नक्षी जाळणं, यांनाही हेच लागू. नक्षी काढताना तर नाक धुराच्या थेट वर असतं.

पॅलेटवरचा, म्हणजे मालाखाली ठेवतात त्या लाकडी चौकटीवरचा, ‘एचटी’ (हीट ट्रीटेड) शिक्का मात्र वेगळा. ते लाकूड किडींसाठी आतपर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवलेलं असतं, त्यात रसायन भरलेलं नसतं. अर्थात नंतर त्यावर काय सांडलं हे शिक्का सांगत नाही.

तुम्हाला काळा पृष्ठभागच हवा असेल तर ट्रीटमेंट न केलेल्या नव्या फळ्या घ्या. टॉर्चचं तंत्र मूळचं अशाच लाकडासाठीचं आहे. जुन्या फळ्या चांगल्या असतील तर बाहेरच्याच कामाला वापरा, काळा स्टेन (लाकडात मुरणारा रंग) लावा, कापताना धुळीचा मास्क घाला आणि भुसा पोत्यात भरा. तुकडे शेकोटीत टाकू नका आणि भुसा झाडांच्या मुळाशी घालू नका. दोन्ही स्थानिक घातक कचऱ्याच्या व्यवस्थेकडे द्या. फळ्या सीसीएच्या नाहीतच असं वाटत असेल तर एक तुकडा आर्सेनिकसाठी प्रयोगशाळेत तपासून घ्या, आणि अहवाल येईपर्यंत टॉर्च पेटवू नका.