कराड लोकसभा मतदारसंघ आणि यशवंतराव, जरा खुलासा

सध्या एक मेसेज फिरतोय, की यशवंतराव चव्हाण कराडचे खासदार होते आणि २००८ ला राज्य सरकारने मुद्दाम तो मतदारसंघच मोडला. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

यशवंतराव मूळचे कराड भागातलेच, आमदारही तिथूनच झाले, पण लोकसभेत ते कराडमधून कधीच गेले नाहीत. आधी १९६३ ला पोटनिवडणुकीत नाशिकमधून बिनविरोध, आणि मग १९६७, १९७१, १९७७, १९८० ला सातारा. कराड नावाचा वेगळा लोकसभा मतदारसंघ तेव्हा होताच, पण तिथे दुसरे खासदार होते. गोंधळ इथेच होतो, कारण आपण गाव आणि मतदारसंघ एकच समजतो.

आता मोडण्याचं. सीमा ठरवतो परिसीमन आयोग, राज्य सरकार नाही, आणि त्याच्या आदेशाला कोर्टात सहसा आव्हानही देता येत नाही. २००१ च्या जनगणनेवरून सगळ्या राज्याच्या सीमा नव्याने आखल्या, एकूण जागा मात्र ४८ च राहिल्या. २००९ पासून कराड उत्तर, कराड दक्षिण, पाटण हे वाई, कोरेगाव, साताऱ्यासोबत सातारा लोकसभेत आहेत, फलटण आणि माण माढ्यात गेले.

श्रीनिवास पाटलांचंच बघा ना, १९९९ आणि २००४ ला ते कराडचे खासदार आणि २०१९ च्या पोटनिवडणुकीत साताऱ्याचे, म्हणजे कराडकरांनी मत त्याच माणसाला दिलं, फक्त मतदारसंघाचं नाव आणि हद्द बदललेली. म्हणून मतांचे जुने-नवे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका प्लीज, मतदारच वेगळे आहेत.