कोइंब्राची पोरं आणि आमच्या मैदानाच्या चाव्या

वाद सुरू झाला तो परीक्षेत वाढीव गुण देणाऱ्या खेळाच्या प्रमाणपत्रावरून. बाबू संध्याकाळी पोरांना फुटबॉल शिकवतो आणि त्याचं दुखणं जुनंच आहे: प्रमाणपत्र हातात पडलं की पोरं मैदानाकडे फिरकत नाहीत. "गुणांसाठी खेळणारा गुण मिळाल्यावर कशाला येईल रे?"

त्याची पुतणी अंजू कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती लगेच उसळली. "काका, पण त्यांनी यावं तरी कशाला? संघ तुम्ही निवडता, कप्तान तुम्ही ठरवता. कॉलेजातही तेच. गॅदरिंगला कुठलं नाटक बसवायचं तेही वरून कळतं. आमचं त्यात काय असतं?"

फोंड्यात आम्ही बसतो तिथे असा प्रश्न पडला की मास्तर बोलणार हे ठरलेलं. मास्तर पोर्तुगीज काळात पणजीच्या लिसेवमध्ये, म्हणजे तेव्हाच्या पोर्तुगीज शाळेत, शिकलेले. त्यांनी थेट पोर्तुगालमधलं कोइंब्रा विद्यापीठ काढलं.

1290 साली स्थापन झालेलं आणि 1537 पासून कोइंब्रा शहरात कायमचं स्थिरावलेलं हे विद्यापीठ. पण मास्तरांना कौतुक तिथल्या विद्यार्थी संघटनेचं. 1887 पासून ती चालू आहे, तिचे पदाधिकारी विद्यार्थीच निवडून देतात आणि खेळांचे नि कलांचे विभाग तिच्याच छत्राखाली. विद्यार्थ्यांचा गायकवृंद तर त्याहून जुना, 1880 चा. नाट्यसंस्था 1938 ची. आणि फुटबॉल संघ 'अकादेमिका', नखशिखांत काळ्या पोशाखातला. पोर्तुगाल चषक 1939 मध्ये पहिल्यांदा खेळला गेला, तो या विद्यार्थ्यांनी लिस्बनच्या बलाढ्य बेनफिका क्लबला 4-3 हरवून जिंकला.

"बेनफिकाला!" बाबू सरळ बसला.

"बेनफिका राहू दे," भाई म्हणाले. "पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार कुठे प्राध्यापक होता ते सांगा आधी." भाईंचे वडील सत्याग्रहात तुरुंगात गेले होते, त्यामुळे हा विषय त्यांच्यासाठी पुस्तकातला नाही. "त्याच कोइंब्रात ना? आमच्या मानेवर बसलेला माणूस जिथे घडला, तिथल्या गायकवृंदाचं मी कौतुक करायचं?"

हा मुद्दा खोडण्यासारखा नव्हताच. मास्तरांनीही खोडला नाही. एवढंच म्हणाले की तेलो द मास्कारेन्हास कायदा शिकायला तिथेच गेले होते. आपल्या मुक्तीसाठी लढलेला हा माणूस गोवा मुक्त झाल्यावरही पोर्तुगालच्या तुरुंगात होता, सुटला 1970 मध्ये. एकाच विद्यापीठातून दोन्ही निघाले. मग त्यांनी 1969 सांगितलं. ते मला सविस्तर लिहायचं आहे, कारण माझं मत तिथेच पक्कं झालं.

17 एप्रिल 1969. गणित विभागाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन, समोर देशाचे अध्यक्ष आमेरिको तोमास. विद्यार्थी संघटनेचा अध्यक्ष आल्बेर्तो मार्तिन्स उठला आणि विद्यार्थ्यांच्या वतीने बोलायची परवानगी मागितली. बोलू दिलं नाही. त्याच रात्री त्याला अटक झाली. विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला, नंतर परीक्षांवरही. आणि नेमका त्याच वर्षी अकादेमिका चषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला.

22 जून, लिस्बनजवळचं राष्ट्रीय स्टेडियम, समोर पुन्हा बेनफिका. कोइंब्राचे खेळाडू मैदानात धावत आले नाहीत. विद्यार्थ्यांचे ते काळे लांब झगे खांद्यावर टाकून सावकाश चालत आले. प्रेक्षकांत फलक उघडले गेले: शिक्षण सुधारा, पोलीस कमी करा. अध्यक्ष सामन्याला आलेच नाहीत, तिथल्या टीव्हीनं तो दाखवला नाही. शेवटच्या दहा मिनिटांत अकादेमिकानं आघाडी घेतली, बेनफिकानं बरोबरी केली आणि जादा वेळेत बेनफिकाच्याच युसेबियोनं गोल मारून 2-1 असा निकाल लावला. पुढे चळवळीतल्या कित्येक विद्यार्थ्यांना सक्तीनं सैन्यात धाडलं.

सामना हरले. पण तो संघ विद्यापीठानं पाळलेला असता, तर खेळाडू ते झगे घालून बाहेर आले असते का? मला वाटतं, नाही. संघ त्यांचा स्वतःचा होता म्हणून तो त्यांच्या बाजूनं उभा राहिला.

बाबूला हे पटलं, पण अर्धंच. त्याला पुढचं माहीत होतं. "1974 मध्ये हुकूमशाही पडली, आणि याच विद्यार्थ्यांनी आपल्या सभेत फुटबॉल विभाग बंद केला. व्यावसायिक फुटबॉल आपलं काम नव्हे म्हणाले. दहा वर्षं संघ वेगळ्या नावानं खेळला, 1984 ला परतला तो स्वायत्त होऊन. पोरांच्या हाती दिलं तर पोरं बंदही करतात, अंजू."

"करू देत की! चालवायचा हक्क आहे तर बंद करायचाही आहे."

यावर बराच वेळ आरडाओरड झाली. भाईंचं म्हणणं, आपल्याला कोइंब्रा कशाला हवं? 1978-79 मध्ये गोव्यातल्या विद्यार्थ्यांनी रस्त्यावर उतरून बसभाड्यात अर्धी सवलत मिळवलीच ना? आणि जत्रेचं नाटक बघा. पावत्या फाडायला, पडदे बांधायला, तालमीला रात्री जागायला गावची पोरंच असतात. संहिता कुठली घ्यायची यावरून भांडतातही तीच. ही पोरं कॉलेजात गेली की त्यांना काही जमत नाही असं आपण धरून चालतो, हेच चुकतं.

मला भाईंचा हा मुद्दा मास्तरांच्या इतिहासापेक्षाही भिडला. मैदान आहे, बॉल आहेत, शिकवणारा बाबू आहे. पोरांच्या हाती काही नाही.

शेवटी बाबू म्हणाला, पुढच्या महिन्यापासून कप्तान पोरांनीच निवडावा, बॉल ठेवायच्या खोलीची चावी त्यांच्याकडे, वर्गणीही त्यांनीच गोळा करावी. "हिशेबाची वही मात्र मी बघणार."

"बघा," अंजू म्हणाली, "पण सही आमची. आणि मुलींचा संघ त्याच वहीत, वेगळी वही नको."

बाबू त्याला अजून तयार नाही. उद्या पुन्हा तेच.